मोरचूद

नळीतलं पाणी निळं व्हायला हवं होतं. थेंब टाकून, तोंडावर अंगठा दाबून, नळी हलवून उखा मास्तर उत्तरेच्या खिडकीपाशी उभा राहिला आणि शेजारी रंगांचा कागद धरला. कागदावर फिक्यापासून गडदापर्यंत निळ्याचे चौकोन छापलेले होते, हे त्याला ठाऊक होतं. मागच्या खेपेला त्यातल्याच एकावर बोट ठेवून तो ‘हा’ म्हणाला होता. आज चौकोन होते, चौकोनांच्या कडा होत्या, पण आतलं निळं कुणीतरी धुऊन नेलं होतं. सगळे चौकोन जुन्या धोतराच्या रंगाचे झाले होते आणि नळीतलं पाणीही त्यांच्यातलंच एक होतं. त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. कागद जवळ आणला, लांब नेला. मागून शेठचा आवाज आला, “मास्तर, बराबर छे ने?” आणि आपण काय बोलतो आहोत हे कळायच्या आत तो बोलून गेला, “बराबर छे, शेठ. एकदम बराबर.”

हे ‘एकदम’ आपण कशाला जोडलं, तेच त्याला दिवसभर खात राहिलं. ज्याला दिसतं तो ‘बराबर’ म्हणतो आणि पाठ फिरवून कामाला लागतो. ‘एकदम’ म्हणायची गरज ज्याला दिसत नाही त्याला. शेठच्या हे लक्षात आलं नसेल. पण खिडकीच्या डावीकडे मास्तरच्या हाताखालचा निंबा बीकर धूत होता आणि ‘एकदम’ ऐकताच त्याच्या हातातल्या बीकरचा आवाज क्षणभर थांबला होता. थांबला होता की आपल्याला तसं वाटलं, हे मास्तरला ठरवता येईना.

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या त्या कारखान्यात साड्यांचं कापड रंगत असे. व्यापारी कापडाचा तुकडा आणून देई. मशीनमधल्या कापडाचा नमुना त्या तुकड्याशी जुळला की मास्तर ‘पास’ म्हणे, आणि मग रंगाचं पाणी गटारात सोडायचं. ‘पास’ म्हणेपर्यंत मशीन फिरत राही, वाफ जळत राही, माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहत. उखा मास्तर घाई करत नसे. तो नमुना इस्त्रीखाली कोरडा करी, उत्तरेच्या खिडकीशी नेई आणि ट्यूबलाईट बंद करायला लावी. पारोळ्याकडचं गाव सोडून तो सुरतेला आला तेव्हा आधी लिंबायतमध्ये मागावर उभा राहिला होता. तिथून एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं त्याला उचललं, केवळ डोळ्यासाठी. म्हणाला होता, तुला पांढऱ्यातले पांढरे वेगळे दिसतात, तू माग काय चालवतोस? पुढे कॉम्प्युटरनं रंग जुळवणारं यंत्र विकायला एक टायवाला आला, तेव्हा भूपेंद्रशेठनं मास्तरला केबिनमध्ये बोलावून त्याच्यापुढे पांढऱ्या चिंध्या पसरल्या. मास्तरनं त्या पिवळटापासून निळसरापर्यंत ओळीनं मांडल्या. यंत्रानंही तीच ओळ सांगितली. शेठ एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. टायवाल्याला चहा पाजला आणि यंत्रासकट परत पाठवलं. त्या दिवसापासून मास्तरची खुर्ची त्या डोळ्यावर टेकलेली होती, दुसऱ्या कशावरही नाही.

आणि खुर्ची गेली की काय होतं तेही त्यानं पाहिलेलं होतं. कडोदऱ्याच्या एका कारखान्यातला बळीराम मास्तर मोतीबिंदू काढून आला. डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन आला एवढंच त्याचं चुकलं. पट्टी सुटली, दिसायलाही लागलं असेल, पण त्याच्या हातात कुणी पुन्हा नमुना दिला नाही. शेठनं दया केली, फाटकावर स्टूल दिलं. उखा मास्तर एकदा तिकडे गेला तेव्हा ट्रकवरचे हमाल त्याच्याभोवती उभे होते. “मास्तर, आमच्या ट्रकचा रंग कोणता?” “लाल.” “लाल, पण कुठला लाल?” आणि हसणं. बळीरामही हसत होता. त्याचं ते हसणं उखा मास्तरला सगळ्यात घाणेरडं वाटलं होतं. त्याला न भेटताच तो परतला होता.

नळीतलं ते पाणी माशाच्या टाकीतलं होतं, आणि ही माशांची भानगड शेठच्या हौसेतून आली होती. केबिनमध्ये भिंतभर काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची, तिच्यात समुद्राचे मासे. गोड्या पाण्यातल्या माशांना शेठ मासे मानत नसे. मुंबईहून त्यानं एक नवा मासा मागवला, ताटलीएवढा, निळ्या अंगावर पिवळ्या बारीक रेघा ओढलेला. पिशवीतून काढला तर त्याच्या अंगावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके. विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं, हा तसाच मोठ्या टाकीत सोडलात तर सगळे मासे जातील. आधी वेगळा ठेवा, मोरचूद द्या. म्हणून लॅबमध्ये कपाटाच्या आडोशाला एक छोटी टाकी आली. तिच्यात वाळू नाही, शिंपले नाहीत, कारण ते मोरचूद शोषून घेतात. माशाला तोंड लपवायला प्लास्टिकच्या पाइपाचा एक तुकडा, बस्स. जुन्या सुती रंगाच्या काळातला मोरचूद गोदामात पडलेला होताच. शेठ म्हणाला होता, “दवा घरनी, ने आंख मास्तरनी. पछी शुं चिंता?” मोरचूद म्हणजे विषच. अंगावरच्या किड्याला ते आधी मारतं, माशाला नंतर. त्या दोन मरणांच्या मध्ये जी बोटभर जागा असते तिला औषध म्हणायचं. ती जागा सापडली की नाही, हे रोज नळीतल्या निळ्यावरून ओळखायचं होतं.

संध्याकाळी लिंबायतमधल्या घरी त्याची बायको मंगलाबाई भाचीच्या लग्नासाठी घेतलेली साडी पसरून बसली होती. त्याला दिसावी म्हणून तिनं ती दिव्याखाली सरकवली. “चांगली आहे,” तो म्हणाला, “पण लग्नात काळी कशाला?” मंगलाबाई हसली. तिला वाटलं, गंमत करतो आहे. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं हसणं उतरत गेलं. “ही जांभयी शे,” ती म्हणाली. “कायी नही.” जांभळीला तो काळी म्हणाला होता. मग खालच्या आवाजात, “डोया दखाडी या एकदाव. आते फुकटमा आपरेशन करतस.” त्याच्या मनात आलं, ही सगळ्या गल्लीला सांगेल. नळावर सांगेल, लग्नात सांगेल. लिंबायतमधून सचिनला बातमी पोचायला एक पाळी बदलायचा अवकाश. “जन्मभर चुलीचा धूर पाहिलास,” तो म्हणाला, “तुला रंग शिकवायला मी मेलो का?” तिनं साडी घडी घातली. घडीवर घडी, अगदी लहान होईपर्यंत. ती दुखावली गेली हे त्याला दिसलं. तेवढं त्याला अजून स्वच्छ दिसत होतं, आणि त्यात त्याला थोडं बरंही वाटलं.

खरं म्हणजे हे आज सुरू झालं नव्हतं. निळे आणि जांभळे बरेच महिने माघारी चालले होते, आणि त्यावर त्यानं उपाय शोधला होता. उपायाचं नाव निंबा. निंबा त्याच्याच भागातला, चाळिशीचा, हाताखाली वर्षानुवर्षं काढलेला. त्याचा डोळा चांगला होता. मास्तरला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं आणि म्हणूनच त्यानं ते निंबाला कधी कळू दिलं नव्हतं. खात्यात म्हाताऱ्या रंगाऱ्यापासून चालत आलेली एक रीत होती: ज्याचा रंग चुकला त्यानं तो चुकलेला तुकडा टाचणीनं छातीवर लावून पाळी संपेपर्यंत फिरायचं. उखानंही तरुणपणी तसे तुकडे लावले होते. पण निंबाच्या छातीवर त्यानं असे तुकडेही लावले जे चुकलेले नव्हते. निंबा टाचणीकडे बघे, तुकड्याकडे बघे आणि कामाला लागे. बाकीचे हसत. “निंबाशेठ, नवीन मेडल?” आता मास्तर नमुना त्याच्यापुढे धरून परीक्षा घेतल्यासारखं विचारी, “सांग, काय कमी आहे?” निंबा सांगे, “लाल जास्त शे, निळा कमी.” मास्तर तोंड वाकडं करी, “एवढंच दिसलं?” आणि थोड्या वेळानं मशीनवर जाऊन म्हणे, निळा घाला. असं दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघत त्यानं महिने काढले होते. त्या डोळ्यांना त्यानं एकदाही ‘बरोबर’ म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माशाच्या पाण्याचंही त्यानं तसंच केलं. नळी आणि कागद निंबापुढे धरले. “कितवा?” निंबानं नळीकडे पाहिलं, मग मास्तरकडे. जरा जास्त वेळ. “दुसरा.” “नीट बघ.” “दुसराच शे, मास्तर. पानी बराबर शे. आते टाकू नका.” “तुले ईचारं तितलंच सांग,” मास्तर ओरडला. निंबा गेला. जाताना त्यानं खिडकीचा पडदा सारून आणखी उजेड करून दिला. हा उजेड कशाला केला? मास्तर त्या उजेडात उभा राहिला आणि त्याला वाटलं, याला कळलं. हा मला उजेड देतो आहे. आंधळ्याच्या हातात काठी द्यावी तसा.

मग तो टाकीपाशी जाऊन बसू लागला. काम नसेल तेव्हा, पुढे काम असलं तरी. मासा पाइपात तोंड खुपसून उभा असे, कल्ले भराभर हलवत. त्याचं निळं मास्तरला दिसत नव्हतं. मातकट काहीतरी, आणि त्यावर पिवळ्या रेघा मात्र लख्ख. पिवळा शेवटपर्यंत राहतो, त्याला वाटलं. काचेला डोळा लावून तो ठिपके शोधायचा. आहेत का? गेले का? ते बघताना त्याला सुरतेत प्लेग आला ते साल आठवे. गणपती बुडाले आणि लोक पळाले. तोही मंगलाबाईला घेऊन ट्रकच्या पाठीवर उभ्यानं गावी गेला. गावानं वेशीवरच अडवलं आणि शाळेच्या ओट्यावर ठेवलं. सख्खा भाऊ बन्सीलाल रोज यायचा, तोंडाला उपरणं बांधून, भाकरी लांब दगडावर ठेवायचा आणि तिथूनच विचारायचा, “खोकला शे का रे?” भाकरी घ्यायला उठलं की तो दोन पावलं मागे सरे. उखाला काही झालेलं नव्हतं. पण बन्सीलाल ज्या नजरेनं बघे, ती हा बरा आहे का असं बघत नव्हती. याला कधी होतंय, असं बघत होती. एवढा वेळ ताटकळलेल्या माणसाला निदान काहीतरी दिसावं, म्हणून की काय, एका दुपारी उखाला खरंच कणकण आली होती. ती नजर कशी असते हे आता त्याला आतून कळत होतं. काचेच्या या बाजूला बसायला वाईट वाटत नाही. मासा तडफडला की आत कुठेतरी काहीतरी सैल होतं. पण या माशाचं मरण त्याला परवडणारं नव्हतं. हा मेला तर शेठ विचारणार, आणि शेठनं एकदा विचारायला सुरुवात केली की तो माशापाशी थांबणार नाही.

कल्ले आणखी जोरात हलू लागले. मासा खाईना. अंगावर ठिपके आहेत असं त्याला एका घटकेला वाटे, नाहीत असं दुसऱ्या. दम कशानं लागलाय? किडीनं की औषधानं? दोन्हीनं मासा असाच धापा टाकतो, मुंबईवाल्यानं सांगितलं होतं. म्हणून तर नळी बघायची. आणि नळी निंबा बघत होता. मास्तर निंबाच्या जागी जाऊन उभा राहिला. हे त्याला सहज जमलं. छातीवर टाचण्या, वरचा माणूस आंधळा झालेला, आणि त्याच्या हाती मासा. मी काय केलं असतं? पाण्यात औषध कमी असूनही मी म्हटलं असतं, बरोबर आहे, टाकू नका. कीड वाढू दिली असती. मासा मरू दिला असता. मग शेठपुढे हात जोडून उभा राहिलो असतो, शेठ, मास्तरले आजकाल दिखत नही. हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं, इतकं रेखीव, की त्यात शंकेला जागाच उरली नाही. निंबा दुसरं काही करेल असं त्याच्या कल्पनेत येईना. त्यानं बाटली काढली आणि मोरचुदाचं पाणी टाकीत सोडलं. वर थोडं आणखी.

पुढच्या खेपेला नळी धरली तेव्हा निंबा नळीकडे बघतच राहिला. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो मास्तरच्या अगदी जवळ आला. इतक्या वर्षांत तो इतका जवळ कधी आला नव्हता. “मास्तर,” तो म्हणाला, “पानी चौथ्याना बी पुढे गये. मासा मरी जाई. अर्धं पानी बदला. मी बदलस, कोनले सांगत नही.” त्याच्या आवाजात काहीतरी मऊ होतं, आणि त्या मऊपणानं मास्तरच्या अंगावर काटा आला. टाकू नका म्हणून भागलं नाही, आता हा होतं नव्हतं ते औषधही ओतून टाकायला सांगतो आहे. आणि वर ‘कुणाला सांगत नाही.’ म्हणजे सांगण्यासारखं याच्याजवळ काहीतरी आहे. “कोनले काय सांगशीन?” मास्तरनं विचारलं. निंबानं नळी त्याच्या हातातून घेतली. “बोल ना. काय सांगशीन?” “काहीच नही, मास्तर,” निंबा म्हणाला आणि नळी धुवायला घेऊन गेला. त्याची पाठ वळल्यावर मास्तरनं बाटली पुन्हा उचलली. किती गेलं ते त्यानं मोजलं नाही.

सकाळी मासा बुडाशी आडवा पडलेला होता, पाइपाच्या बाहेर. शेठ स्वतः लॅबमध्ये आला. जाळीनं त्यानं मासा उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवला, बोटानं उलटा-पालटा केला. अंगावर एकही ठिपका नव्हता. अगदी स्वच्छ, निरोगी कातडी. शेठनं ट्रे बाजूला सरकवला. त्यानं टाकीतलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, नळी हलवली आणि खिडकीकडे धरली.

आणि मास्तरला निळा दिसला. इतक्या महिन्यांनी. नळी गडद निळी झाली होती, इतकी की कुणाही आंधळ्याला दिसावी. मोराच्या मानेचा, रॉकेलच्या ज्योतीच्या बुडाचा, ओल्या निळीच्या पुडीचा निळा. तो इतका खरा होता की मास्तरच्या घशाशी आनंद आला. एक क्षणभर त्याला वाटलं, आपण बरे झालो. ओठांवर शब्दही आला होता, निळा, शेठ, निळा! मग त्या निळ्याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला. निंबा खरं बोलत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक वेळी खरं.

“आ कोणे जोयुं हतुं?” शेठनं विचारलं. नळी कुणी पाहिली होती, एवढंच; आवाज चढवलेला नव्हता.

“निंबानं,” मास्तर म्हणाला.

त्याला वाटलं होतं, हे म्हणायला जड जाईल. गेलं नाही. एका श्वासात पुढचंही निघालं, “मी म्हटलं शिकू दे जरा. किती वर्षं झाली शेठ, अजून दुसरा-चौथा कळत नाही त्याला.”

निंबा दारात होता. सगळ्या खात्यातली चार-सहा डोकी त्याच्यामागे गोळा झाली होती. शेठनं नळी त्याच्यापुढे धरली. “निंबा, साचुं?” मास्तर वाट बघत राहिला. आता तो बोलेल. आता तो म्हणेल, माझ्या हातात नको, मास्तरच्या हातात द्या कागद, विचारा त्यांना कोणता चौकोन. एवढंच वाक्य. मास्तरनं टेबलाची कड धरली होती. निंबानं नळीकडे पाहिलं नाही. तो मास्तरकडेच बघत होता, कापडाचा तुकडा बघावा तसा, त्यात काय कमी आहे ते शोधत. मग म्हणाला, “हा शेठ. भूल थई गई.”

“तो कालथी आवतो नहीं.” उद्यापासून येऊ नकोस, एवढंच.

मागच्यांपैकी कुणीतरी च्यक् केलं. निंबानं मान हलवली, खुंटीवरचा डबा आणि टॉवेल काढला. लॅबमधून जायचा रस्ता मास्तरच्या टेबलाजवळूनच होता. मास्तरला वाटलं, हा थुंकेल. थुंकावं. त्यानं चेहरा पुढेही केला होता. निंबा वाकला आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं बोलला, “कडोदराले माले कव्हयनीच जागा शे. तुमना करता थांबेल व्हतू.” डबा काखेत नीट बसवत तो पुढे म्हणाला, “तुम्ही आठेच ऱ्हा, मास्तर. ह्याच खुर्चीवर.” आणि ट्रेमधल्या माशाला वळसा घालून निघून गेला.

कडोदऱ्याला कधीचीच नोकरी तयार होती, तुमच्याकरता थांबलो होतो. मास्तरला ते वाक्य धरता येईना. ते निसटून खाली पडे, तो उचली, पुन्हा पडे. त्यातलं काय खोटं आहे ते तो शोधत होता आणि त्याला काही सापडत नव्हतं. माझ्याकरता म्हणजे कशाकरता? कुणी कुणाकरता असं थांबतं का? टाचण्या लावून घेत? त्याला निंबाचा राग आला, एवढा राग त्याला आयुष्यात कुणाचा आला नव्हता; बन्सीलालचाही नाही. त्यानं सांगून टाकायला हवं होतं. सगळ्यांसमोर उघडं पाडायला हवं होतं. मग स्टूल, फाटक, हमाल, ठीक आहे. तिथे निदान बसता आलं असतं. हसता आलं असतं.

“मास्तर,” मशीनवरून हाक आली. “नमुनो तैयार छे.”

मास्तर आणि मशीनवाला उत्तरेच्या खिडकीशी आले. नेहमीप्रमाणे कुणीतरी धावत जाऊन ट्यूबलाईट बंद केली. व्यापाऱ्याचा तुकडा आणि मशीनमधला, इस्त्री केलेला, अजून गरम. शेठही मागे येऊन उभा राहिला, माशाचं विसरायला काहीतरी हवंच होतं त्याला. “जोई लो, मास्तर. मोटी पार्टी छे.” मास्तरनं दोन्ही तुकडे उजेडाकडे धरले. एक उजव्या हातात, एक डाव्या. मग हात बदलून. दोन्ही एकच होते. सुरत शहरातले सगळे तुकडे आता एकच होते. मागे मशीन फिरत होतं, वाफ सुटत होती. त्यानं डावीकडे मान वळवून ‘काय कमी आहे?’ असं विचारण्यासाठी तोंड उघडलं. तिथे धुतलेले बीकर ओळीनं पालथे घातलेले होते.

“पास,” तो म्हणाला.

तो कुणी हसण्याची वाट बघत राहिला. कुणी हसलं नाही. मशीनवाल्यानं वॉल्व्ह उघडला, आणि रंग जो कोणता होता तो धो धो करत गटारात जाऊ लागला.